खिशातला फ्यूज

संध्याकाळी दुकान बंद करताना प्रकाश मेन स्विच पाडायचा आणि फ्यूज उपसून शर्टाच्या खिशात टाकायचा. अमडापूरजवळच्या एका गावात तो शेतातल्या पंपांच्या जळालेल्या मोटारी नव्या तारेने भरून द्यायचा. मी त्या भागाचा वार्ताहर. फिरताना त्याच्याकडे चहा ठरलेला. चिनीमातीच्या त्या फ्यूजने त्याचा खिसा कायम लोंबलेला असे. कोणी हसले तर म्हणायचा, "फ्यूज माह्याजवळ, तं दुकान झोपलं. मंग मीबी झोपतो."

तो बौद्ध. ज्योती गावातल्या वरच्या जातीच्या, मोठ्या जमिनीच्या घरातली. दोघांनी बुलडाण्याला जाऊन नोंदणी लग्न केले. तोवर तिच्या भावांच्या मोटारी त्याच्याकडेच यायच्या. लग्नानंतर थोरला भाऊ दुकानापुढे उभा राहून एवढेच म्हणाला, "लय मोटारी भरल्या बे तुनं. आता तूच जळशीन."

आठवड्याने एका रात्री दुकान जळाले. मी सकाळी पोहोचलो तेव्हा प्रकाश राखेतून तांब्याची तार वेचत होता. त्याने खिशातून फ्यूज काढून माझ्या हातावर ठेवला. "पाहा भाऊ. हा माह्याजवळ होता, तं आत करंट कुठून आला? येवढं लिहा."

ज्योती म्हणाली, "नावं नका लिहू पाह्यजे तं. फ्यूजचं लिहा."

पंचनाम्यात शॉर्टसर्किट होते. मी तेच लिहिले. फ्यूज लिहिला असता तर पुढचा प्रश्न नावांचा आला असता, आणि मला त्या रस्त्याने रोज जायचे होते.

ते चिखलीत राहायला गेले. भावांनी तिथली खोलीही शोधून काढली. मुलगी झाल्यावर प्रकाशने देश सोडायचे ठरवले. पुण्याला का जात नाही, असे मी विचारले.

"पुन्याले तिचे मावसभाऊ आहेत. लोकं नाव कमवायले परदेशात जातात भाऊ. मी हरवायले जाऊन राह्यलो."

कॅनडात त्यांनी आश्रयाचा अर्ज केला. घर सोडण्याचे कारण आणि त्याचा पुरावा मागितला गेला. प्रकाशचा फोन आला. "एक कागद लिहून द्या. त्या दिवशी तुमी फ्यूज हातात घेतला होता, बस."

मी दोन दिवस मागून घेतले. मग कागदाऐवजी जुन्या बातमीचे कात्रण पाठवले. कात्रणाला माझी नवी सही लागत नव्हती.

अर्ज नामंजूर झाला. परत निघण्याआधी त्याने एकदा फोन केला. आवाजात राग नव्हता.

"सायबानं तुमची बातमी इंग्रजीत करून वाचली. दुकान करंटनं जळलं, तं घर काऊन सोडलं, म्हने. मी फ्यूज काढून दाखवला. तं म्हने, असा फ्यूज कोनाच्याबी खिशात असू शकते."

आता कुठे राहणार, असे मी विचारले.

"ते नका विचारू भाऊ," तो म्हणाला. "तुमी लिहून टाकसान."