हसुमतीबांचं पीठ

निजामपुऱ्यात आमच्या शेजारी हसुमतीबा राहतात. नवरा गेल्यापासून, म्हणजे वीसेक वर्षं, रोज सकाळी त्या बाजरीच्या पिठात तूप-साखर कालवून अंगणातल्या कडुलिंबाखाली मुंग्यांच्या बिळांशी घालायच्या. गुजराती लोक याला कीडियारूं म्हणतात आणि मोठं पुण्य मानतात. मी मात्र वैतागायचो. हसुमतीबांकडे नाश्ता करून त्याच मुंग्या जेवायला माझ्या ओट्यावर हजर! एकदा नातीच्या दुधातही निघाल्या, तेव्हा माझं डोकंच फिरलं. बोरिक पावडर आणली, पिठीसाखरेत मिसळली आणि भल्या पहाटे बिळांशी टाकत बसलो.

नेमक्या बा आल्या. "जनार्दनभाई, तमे पण? तुम्हीही कीडियारूं घालता?" म्हणाल्या आणि त्यांचे डोळेच भरून आले. मी मान डोलावली. खरं सांगायला जीभ रेटेना.

दुपारपर्यंत सोसायटीभर माझं कौतुक झालं. आठवड्याभरात मुंग्या संपल्या. बा मात्र रोज वाकून रिकाम्या बिळांत बघत राहायच्या. पीठ तसंच पडून असायचं.

एके दिवशी गुडघे धरत त्या माझ्या दारात आल्या आणि पिठाचा डबा माझ्या हातात दिला. "माझ्या हातचं आता त्या खात नाहीत. माझंच काहीतरी चुकलं असणार. उद्यापासून तुम्ही घाला, भाई."

तेव्हापासून रोज सकाळी मी त्या मेलेल्या बिळांशी पीठ घालतो, आणि बा खिडकीतून मला हात जोडतात.