राजा, राणी आणि पंधरा इंची स्पीकर

आमच्या घरातील दसऱ्याच्या बाहुल्या भर संध्याकाळी चालू लागल्या, याला मी आणि केवळ मी जबाबदार आहे. शेजारच्या रुक्मिणक्का आजही ते श्रेय देवीला देतात. परंतु देवीने माझ्याइतकी आकडेमोड केलेली नव्हती.

नव्वदच्या दशकातील ही गोष्ट. आम्ही बंगळूरच्या चामराजपेटेत राहत होतो. (आमचे पूर्वज इथे घोड्यावरून आले असे घरात सांगतात, मी रोज कामाला बसने जात असे.) भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून मी नुकतीच एका प्रयोगशाळेत रुजू झाले होते आणि जगातील प्रत्येक अडचण ही योग्य समीकरण न मांडल्यामुळे उद्भवते, असे माझे ठाम मत होते.

घरातली अडचण अप्पांच्या कानांची होती. तीस वर्षे पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात पत्रे ठोकणाऱ्या यंत्रांजवळ काढून माझे वडील निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्या कानांनीही बरीचशी निवृत्ती घेतली होती. रोज संध्याकाळी न चुकता पखवाजाची कॅसेट लावणारा हा माणूस हळूहळू टेपरेकॉर्डरकडे पाहीनासा झाला.

"डब्यावर कुणी बोटं आपटतंय असं वाटतं," ते म्हणत. "राहू दे."

मी राहू देणार नव्हते. अशा कानांतून वरचे स्वर आधी जातात, खालचे बरेचसे टिकतात. अर्थात उपाय एकच: मोठे स्पीकर! परदेशी जोडीची चौकशी केली, तेव्हा कळले की माझ्या पगारात तिची पुढची जाळीसुद्धा येणार नाही. मग मी चिकपेटेमागच्या गल्लीत, मांडवांना ध्वनिक्षेपक पुरवणाऱ्या राघोजी अण्णांचे दुकान गाठले.

"घरात वाजवायचं का मैदानात?" अण्णांनी विचारले.

"घरात."

"खोली केवढी?"

"दहा बाय बारा."

"मग ट्रान्झिस्टर घे की, अक्का!"

मी त्यांना ध्वनीच्या दाबाचे समीकरण समजावून सांगितले. त्यांनी ते डोळे मिटून ऐकले आणि माळ्यावरून, बंद पडलेल्या एका फिरत्या टॉकीजचे पंधरा इंची स्पीकर काढून दिले. वर एक जुना अँप्लिफायरही दिला.

"पडद्याचा कागद नवा लावलाय. स्वल्प जपून हं. यांना हळू बोलायची सवय नाही."

माझ्या आकृतीबरहुकूम सुताराने दोन खोकी बनवली. प्रत्येकी दोनशे लिटर, उंची कमरेपर्यंत. ती घरात आली आणि सोफा व्हरांड्यात गेला. आई दोन्ही खोक्यांभोवती एक फेरी मारून आली.

"यात तांदूळ किती मावतील गं?"

"आई, हे तांदळासाठी नाही."

"मावतील किती, ते विचारलं."

(सुमारे दीड क्विंटल. मी हिशेब करून सांगितला, ही माझी पहिली चूक.)

दुसरी चूक नवरात्रात झाली. म्हैसूरकडच्या रीतीप्रमाणे आमच्याकडेही पायऱ्या रचून बाहुल्या मांडतात. सर्वांत वर राजा-राणी, तांबड्या लाकडाची जोडी, आईच्या लग्नात तिच्या माहेरून आलेली. पण आता सगळी भिंत माझ्या खोक्यांनी अडवली होती.

"एक तर माझ्या बाहुल्या बसतील, नाहीतर तुझे हे दोन हत्ती!" आईने निर्वाणीचे सांगितले.

"दोन्ही बसतील," मी म्हणाले.

दोन खोक्यांवर मी एक लांब फळी टाकली. ती सर्वांत वरची पायरी. मधल्या जागेत ट्रंका रचल्या. त्या खालच्या पायऱ्या. वरून अप्पांची पांढरी धोतरे. खोक्यावर वजन ठेवल्यास त्याचे कंपन कमी होते आणि पातळ कापडाने आवाज अडत नाही, तेव्हा ही मांडणी शास्त्रीयदृष्ट्या आदर्श आहे, असे प्रमाणपत्रही मी न मागता दिले!

पाचव्या दिवशी संध्याकाळी हळदीकुंकवाला बायका जमल्या. रुक्मिणक्का सर्वांत पुढे, मांडीवर पदर पसरून, उसळीच्या वाटीसह. त्यांनी रीतीप्रमाणे एक पद म्हटले. नंतर, कुणी न सांगता, आणखी तीन म्हटली. आठ फुटांवर खुर्चीत बसलेले अप्पा प्रत्येक पदाला मान डोलावत होते. पद संपल्यावरही डोलावत होते. मला राहवेना.

"आता माझी पाळी," मी जाहीर केले आणि पखवाजाची कॅसेट लावली.

प्रयोगात निरीक्षकाने एकाच गोष्टीवर नजर ठेवावी. मी अप्पांच्या चेहऱ्यावर ठेवली. आवाज दोनवर: चेहरा कोरा. चारवर: कोरा. सहावर खिडकीच्या काचा बोलू लागल्या.

"अगं, राजा वळला!" मागून आईचा आवाज.

"आई, मध्ये बोलू नकोस."

"राणीकडे पाठ केली त्यानं!"

आठवर नेल्यावर मात्र मला वळून पाहावेच लागले. राजा फळीवरून ताठ मानेने निघाला होता. राणी मागोमाग. खालच्या पायरीवर शेट्टी-शेट्टणी या वाणी-वाणिणीच्या बाहुल्यांच्या इवल्या दुकानातले मूग थुईथुई नाचत होते आणि (इथे माझे भान सुटले!) बरोबर कंपन नसलेल्या रेषांवर गोळा होत होते.

"पाहा, पाहा!" मी ओरडले. "पुस्तकात आहे अगदी तस्सं!"

"अय्यो, देवी आली!" रुक्मिणक्कांनी हात जोडले. उरलेल्या बायकांनीही जोडले. एकीने नारळ पुढे केला.

"देवी नाही, पखवाज आहे!" मी खुलासा केला. तेवढ्यात राजा फळीच्या टोकावर पोहोचला, क्षणभर विचार केला आणि थेट रुक्मिणक्कांच्या पदरात उतरला!

"माझ्या माहेरचा राजा!" आई धावली.

"ओटीत पडलेलं परत देतात होय गं?" रुक्मिणक्कांनी पदर गच्च धरला. "देवीनं दिलाय."

"देवीनं कुठला? माझ्या बापानं दिलाय!"

या रणधुमाळीत राणी टोकाकडे सरकत होती. तिला सावरायला अप्पा उठले, दोन्ही हातांनी फळी धरली आणि छाती खोक्याला टेकवून तसेच उभे राहिले. मी धावत जाऊन बटणाला हात घातला.

"बंद नको करू," अप्पा म्हणाले. किती तरी महिन्यांनी त्यांची बोटे ठेका धरत होती. "कमी कर. अजून कमी. सरी, ठीक आहे, बस!"

आवाज दोनवर होता.

राजा रात्रीच्या स्वयंपाकाआधी परत आला; बदल्यात रुक्मिणक्कांना एक खण आणि पातेलंभर उसळ द्यावी लागली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अप्पांनी स्वतः कॅसेट लावली, खुर्ची ओढत नेऊन डाव्या खोक्याला चिकटवली आणि पाठ टेकून डोळे मिटले. उजव्या खोक्याची त्यांना गरजच नव्हती. आईने त्यात तांदूळ भरायची परवानगी मागितली.

तीन महिने मी आठ फुटांवरच्या माणसापर्यंत आवाज पोहोचवण्याचे गणित सोडवत होते. त्यात लाकडाची जाडी होती, पडद्याचा व्यास होता, खोलीतल्या हवेचे तापमानसुद्धा होते. खुर्ची सरकवता येते, एवढेच तेवढे धरायचे राहून गेले होते!