मंडळीच्या खुर्च्या

मंगळवारी सकाळी हे गेले. मी चहा ठेवला होता. डॉक्टर आले, त्यांनी नाडी पाहिली आणि वेळ लिहिली. मी चर्चमध्ये फोन केला. दुपारी पेटी आली, आणि ती ठेवायला घरात जागा नव्हती.

जागा नव्हती, कारण समोरच्या खोलीत चर्चच्या मंडळीच्या खुर्च्या होत्या. अकोल्याच्या एका निवृत्त हेडमास्तरांनी पत्नीच्या स्मरणार्थ त्या तिच्या माहेरच्या, म्हणजे आमच्या अमरावतीच्या चर्चला दिलेल्या. लाल गादीच्या, सागवानी हातांच्या. अर्पणाच्या दिवशी प्रार्थना झाली, टाळ्या झाल्या, आणि मग पंचांच्या ध्यानात आलं की खुर्च्या चर्चमध्ये ठेवल्या तर लोक त्यांच्यावर बसतील. हा धोका टाळण्यासाठी एखादा विश्वासू कारभारी हवा होता. तो शोधायला कोणाला लांब जावं लागलं नाही.

ह्यांची सारी नोकरी सरकारी भांडारात गेली. वस्तू बाहेर न जाऊ देण्याबद्दल त्यांचा लौकिक होता. मी कॉलेजच्या ग्रंथालयात होते. आमच्याकडून गेलेली वस्तू मळून, कान दुमडून, कधी हळदीचे डाग घेऊन परत यायची, आणि मला ते बरं वाटायचं. या एका बाबतीत आमचा संसार जुळला नाही. बाकी बराच जुळला.

खुर्च्या आल्या त्या प्लास्टिकसकट. ह्यांनी ते प्लास्टिक काढलं नाहीच, उलट वरून आणखी एक घातलं आणि सुतळीनं बांधलं. शनिवारी ओल्या फडक्यानं प्लास्टिक पुसायचं, रविवारी चर्चला जायचं, असा आठवडा बसला. कूलर त्याच खोलीच्या खिडकीत होता. उन्हाळ्यात त्याचा वारा आधी खुर्च्यांना लागे आणि उरलासुरला आम्हांला. पाहुणे दिवाणाच्या कडेवर दाटीनं बसत आणि समोरच्या रिकाम्या खुर्च्यांकडे बघत चहा पीत. एकदा माझ्या भावानं विचारलं, "भाऊजी, या कोणासाठी ठेवल्या?" हे म्हणाले, "देवासाठी." मी बायबल पुष्कळदा वाचलं आहे. देव बसल्याचे उल्लेख त्यात आहेत. गादीला प्लास्टिक असावं असा आग्रह मात्र त्यानं कुठं धरलेला नाही.

वर्षातून एकदा आमच्या चर्चमध्ये कारभारीपणाचा रविवार पाळतात. त्या दिवशी पाळकसाहेब बहुधा ह्यांनाच बोलायला उभं करत. धन्यानं दिलेलं धन जमिनीत पुरून ठेवणाऱ्या चाकराचा दाखला हा ह्यांचा हातखंडा विषय. त्या चाकराला ते असं झोडपत की मला त्याची दया येई. घरी आल्यावर टाय सोडायच्या आधी सुतळी सैल झाली का ते बघत.

मी एकदा म्हटलं, "त्यानं जमिनीत पुरलं, आपण प्लास्टिकात."

"प्लास्टिकातून दिसते तरी," हे म्हणाले. आणि त्यांचा तो हजरजबाबीपणा मला आवडला, म्हणून मी पुढं बोलले नाही.

बोलायला हवं होतं ते बडनेऱ्याच्या मावशींमुळे. या मावशी कोणाच्याच सख्ख्या मावशी नव्हत्या. नवरा रेल्वेत होता, तो जाऊन फार काळ झाला. आमच्या चर्चमध्ये बाया सतरंजीवर बसतात आणि पुरुषांना बाकं आहेत. हा नियम कोणी केला ते ठाऊक नाही, पण बाकांवर बसणाऱ्यांना तो बदलायची घाई नव्हती. मावशींचे गुडघे गेले, तसं त्यांचं येणंही गेलं. मी भेटायला गेले तेव्हा म्हणाल्या, "मले खाली बसता येते, बाई. उठता येत नाही. दोघीजणी धरून उठवते, सारी मंडळी पाह्यते, पाळक आशीर्वाद द्यायचा थांबते. मी काय तमाशा आहो का?"

मी ह्यांना सांगितलं, एक खुर्ची द्या. एकच. हे म्हणाले, "एक दिली की बाकीच्या मागतीन." यावर पंचांचं मत घेतलं गेलं. पंचांनी मावशींसाठी प्रार्थना केली.

शेवटच्या उन्हाळ्यात ह्यांना आडवं झालं की दम लागू लागला. डॉक्टर म्हणाले, टेकून बसवा, हातांची खुर्ची असली तर उत्तम. मी सुतळीला हात घातला.

"राहू दे," हे भिंतीला टेकून म्हणाले. "आपली नाही ते."

"आजारी माणसाला बसू दिलं तर कोणाचं काय बिघडते?"

"मी बसलो तर मग मी कशाचा कारभारी?"

त्यांना बोलताना धाप लागत होती, म्हणून वाद तिथंच संपला. मी उशा आणून पाठीशी रचल्या. त्या घसरत राहिल्या, मी लावत राहिले. खुर्च्या समोर होत्या.

तर पेटी दारात आली, आणि मंडळीचे सचिव खोलीत शिरून सगळीकडे बघत उभे राहिले. हे सचिव ह्यांच्या तालमीतले. त्यांनी आधी खुर्च्या पाहिल्या, मग मला.

"वहिनी, पेटी अंगणात ठेवू. मांडव टाकून घेऊ."

मे महिना होता. अंगणातल्या फरशीवर मांजरसुद्धा पाय ठेवत नव्हतं.

"खुर्च्या अंगणात काढा," मी म्हटलं.

"उन्हानं रंग उडते ना, वहिनी. भाऊंनी किती जपल्या."

"आणि भाऊंचा?"

त्यांनी मान खाली घातली, पण खुर्च्यांना हात लावला नाही. मावशी ऑटोनं आल्या होत्या. बसायला जागा नव्हती, म्हणून दाराची चौकट धरून उभ्या होत्या. कोणीतरी सतरंजी दाखवली. त्या म्हणाल्या, "उभीच बरी आहो. आज मले उठवाले कोणी रिकामं नाही."

मी स्वयंपाकघरातून कात्री आणली. सुतळी कापली, मग वरचं प्लास्टिक, मग आतलं. आतलं इतकं चिकटलं होतं की गादीचा रंग त्याच्याबरोबर सालीसारखा निघाला. इतकी वर्षं जे उन्हापासून वाचवलं ते प्लास्टिकनंच खाल्लं होतं. पहिली खुर्ची मी मावशींच्या मागं ठेवली. त्या बसल्या, दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर टाकले, आणि मग रडल्या. त्यानंतर मी रडले. बाकीच्या खुर्च्या लोकांनीच ओढून घेतल्या. पेटी कूलरसमोर ठेवली.

संध्याकाळी चर्चमध्ये पाळकसाहेबांनी ह्यांना विश्वासू कारभारी म्हटलं. मागच्या वर्षी गेलेल्या एका पंचांनाही म्हटलं होतं, जवळजवळ त्याच शब्दांत. मला राग आला नाही. हे खरोखरच विश्वासू होते. कोणाशी, एवढंच मला नीट कळलं नव्हतं.

सांत्वनाच्या सभेला अकोल्याचे हेडमास्तर आले. त्यांना मी खुर्ची दिली. त्यांनी गादी चाचपली, रंगाचा उडालेला पट्टा पाहिला.

"हे त्याच काय?"

"त्याच."

"मी पहिल्यांदाच बसून राहिलो हिच्यावर," ते म्हणाले. "तिच्या नावानं देल्या, अन् चर्चमधी कधी दिसल्याच नाही. मले वाटलं, विकल्या असतीन. विचाराची लाज वाटे."

सचिव बाजूलाच होते. ते म्हणाले, आता या खुर्च्या कोणाच्या ताब्यात द्यायच्या ते बैठकीत ठरवू. बैठक झाली. आतापर्यंत जबाबदारी घ्यायला सचिवांसकट तिघे उत्सुक होते, असं मला मागून कळलं. पण प्लास्टिक निघाल्यामुळे त्या जुन्या झाल्या होत्या, आणि जुन्या वस्तू सांभाळल्याबद्दल कोणी कोणाला कारभारी म्हणत नाही. कोणीच पुढं आलं नाही. तेव्हा नाइलाजानं त्या चर्चमध्ये ठेवाव्या लागल्या.

बायांच्या बाजूला पहिली ओळ आता त्यांची आहे. मावशी रविवारी येतात आणि आशीर्वादाच्या वेळी आपल्या आपण उठतात. एका खुर्चीचा पाय डुगडुगतो, एकीवर कोणाच्या तरी लेकरानं दूध सांडलं आहे. समोरच्या खोलीत दिवाण आणि कूलर आहे. कूलरचा वारा सरळ माझ्यापर्यंत येतो. घरात मी एकटी आहे.