दोन मिनिटांत सारांश

रविवारी व्हिडिओवर तुम्ही दोघांनी विचारलंत, आजी, तुझा आवाज का बसलाय? सर्दी नाही. मी गाडीत ओरडले. जन्मभर वर्गात आवाज न चढवता इंग्रजी शिकवलेली मी, सांगलीहून साताऱ्याला येताना निम्म्या रस्त्यात ओरडत होते. का, ते क्रमाने सांगते. मराठी वाचताना अडलात तर आईकडून वाचून घ्या, आणि तिने मधलं काही गाळलं असं वाटलं तर मला कळवा.

साताऱ्यात आमचं लिहिणाऱ्यांचं एक मंडळ आहे. महिन्यातून एका रविवारी आम्ही वाचनालयाच्या माडीवर जमतो. खाली कपाटं भरून पुस्तकं आहेत, पण जिना चढताना कुणी तिकडे मान वळवून बघत नाही. आमच्यातल्या होमिओपॅथी डॉक्टरांना, जे चारोळ्या लिहितात, मी एकदा विचारलं की हल्ली काय वाचताय. ते म्हणाले, "मॅडम, मी वाचतच नाही. दुसऱ्याचं वाचलं की आपल्यावर प्रभाव पडतो." त्यांच्या चारोळ्यांवर कुणाचा तरी प्रभाव पडावा म्हणून मी किती दिवस वाट बघतेय!

आमच्या मंडळाची एक रीत आहे, जी कुठेही लिहिलेली नाही आणि सगळे पाळतात. आपलं वाचून झालं की निघायचं. कुणाची बस असते, कुणाकडे पाहुणे यायचे असतात, कुणाच्या घरी दूध उतू जाणार असतं. निघताना दारातून "वा, अप्रतिम चाललंय" म्हणायचं, म्हणजे झालं. शेवटच्या माणसाने पंख्याला वाचून दाखवायचं.

शिस्त यावी म्हणून मी टेबलावर ठेवायची घंटी विकत आणली. दहा मिनिटं झाली की वाजवायची. आमच्यात एक निवृत्त सुभेदार आहेत, वीररसाच्या कविता करतात. त्यांच्यासमोर मी घंटी वाजवली तर म्हणाले, "आवं मॅडम, आमी सीमेवर तोफा ऐकल्यात. ह्या घंटीनं थांबतोय व्हय?" आणि त्यांनी पुढचं कडवं घेतलं. त्याच्यापुढे आणखी सात होती.

या मंडळात गेल्या वर्षी लोणंदहून एक बाई यायला लागल्या. त्यांची पिठाची गिरण आहे. रविवारी मुलाला गिरणीवर बसवून एसटीने यायच्या. कथा लिहायच्या. पण "आधी तुमचं होऊ द्या, मला घाई न्हाई" म्हणत दर वेळी मागे सरायच्या, आणि त्यांची पाळी येईपर्यंत खोलीत मी, पंखा आणि कुलूप घेऊन उभा असलेला वाचनालयाचा शिपाई. मग "ऱ्हाऊ द्या बाई, पुढच्या वेळी" म्हणून कागद पिशवीत. एवढ्या नम्रपणाचाही मला राग यायचा.

मागच्या महिन्यात त्यांनी मला जिन्यात थांबवलं. मुलाला लांब कंपनीत नोकरी लागली होती, रविवारची गिरण आता त्यांनाच बघायची होती. "सांगलीच्या संमेलनाला येते, ते शेवटचं," त्या म्हणाल्या. "बाई, मला एवढंच कळू द्या. मी लिहिते ती गोष्ट हाय, का नुसतं दळणाला आलेल्या बायकांचं बोलणं? गोष्ट नसंल तर बंद करते. उगं घरच्यांचं बोलणं कशाला खाऊ?"

मी म्हटलं, मला वाचायला द्या, मी सांगते.

"तुमी एकटीनं न्हवं. तुमी चांगल्या हाय, चांगलंच म्हणणार. लोकांत वाचायचीय."

म्हणून मी सांगलीच्या आयोजकांना फोन करकरून दुपारच्या जेवणाआधीच्या सत्रात त्यांचं कथावाचन ठेवून घेतलं. पंधरा मिनिटं. छापील पत्रिकेत नाव आलं.

संमेलनात काय झालं ते ऐका. पाहुणे उशिरा आले. दीपप्रज्वलन झालं, पण वारा होता म्हणून ते पुन्हा झालं. मग सत्कार. सत्कार करणाऱ्यांचाही सत्कार. मग पाहुणे उठले आणि म्हणाले, "मी काही साहित्यिक नाही, पण..." ज्या भाषणाची सुरुवात अशी होते ते लवकर संपत नाही, हे लक्षात ठेवा. शेवटी त्यांनी स्वतःच्या दोन कविताही म्हटल्या. तोवर मागून जेवणाचा वास यायला लागला, लोक चप्पल शोधायला लागले, आणि निवेदकाने माइकवर सांगितलं, "वेळेअभावी कथावाचकांनी दोन मिनिटांत कथेचा सारांश सांगावा, ही नम्र विनंती."

बाई माइकपाशी गेल्या. कागद उलगडला. समोर बघितलं. "नमस्कार" म्हणाल्या, कागदाची घडी घातली आणि खाली उतरल्या. टाळ्या पडल्या! निवेदक म्हणाला, "अतिशय आशयघन."

मी घंटी आणली नव्हती हे बरं झालं. फेकून मारली असती.

परतीला भाड्याच्या गाडीत आम्ही चौघं. पुढे सुभेदार, मागे डॉक्टर, त्या आणि मी. डॉक्टरांनी सांगलीची भडंग घेतली होती, ती खात होते. बाई खिडकीबाहेर बघत होत्या. ऊस, टपरी, ऊस. पेठ नाका आला आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. या गाडीतून साताऱ्यापर्यंत कुणालाही उठून जाता येणार नाही. कुणाचीही बस नाही.

"वाचा," मी म्हटलं. "आत्ता."

"हितं?" त्या म्हणाल्या.

"इथं. डॉक्टर, ती भडंग बंद करा. सुभेदार, फोन खिशात."

"आमी काय केलं?" सुभेदार म्हणाले, पण फोन ठेवला.

बाईंनी वाचली. गोष्ट साधी. दोन जावा, भिंतीला भिंत लागून घरं, पण वाटणीपासून बोलणं बंद. गिरणीवर दोघी आल्या तरी पाठीला पाठ लावून उभ्या. धाकटीचा हट्ट असा की थोरलीच्या ज्वारीनंतर माझे गहू घालायचे नाहीत, जात्यात राहिलेलं तिचं मूठभर पीठसुद्धा माझ्यात नको. मग थोरली आजारी पडते. एक दिवस धाकटी दोन डबे घेऊन येते. दुसरा डबा कुणाचा, हे सगळ्या गिरणीला माहीत. गिरणीवाली विचारते, "ह्यो कुणाचा?" धाकटी म्हणते, "मला काय म्हाईत? वाटंत सापडला." पीठ नेते, थोरलीच्या उंबऱ्यावर डबा ठेवते, कडी वाजवते आणि निघून जाते. संपली.

मग डॉक्टरांनी तोंड उघडलं, "वा, अप्रति..."

"ते नको, डॉक्टर," बाई म्हणाल्या.

सुभेदार सीटवर पुरते मागे वळले होते. "मग थोरली बोलली का न्हाई?"

"तिथंच संपती," बाई म्हणाल्या.

"आसं कसं संपंल? कडी वाजवली नव्हं? दार उघडलं आसंल की! उघडून बघितलं, डबा दिसला, मग?"

"डबा ओळखणारच ती," डॉक्टर म्हणाले. "पण बोलणार नाही. पीठ परत पाठवेल. माझ्या आत्याने आयुष्यभर तेच केलं."

"तुमची आत्या ऱ्हाऊ द्या! आजारी बाई, घरात पीठ न्हाई, आनि परत पाठवंल?"

इथे मी म्हटलं की ती पीठ ठेवून घेईल आणि डबा धुऊन धाकटीच्या उंबऱ्यावर ठेवेल, न बोलता. सुभेदार म्हणाले, तुमाला गावाकडचं काय कळतंय. मी म्हटलं, मला जावा कळतात, मला दोन होत्या. कराडला चहाला थांबलो तर कप हातात घेऊन भांडण चालू. सुभेदारांनी टेबलावर मूठ आपटली, "थोरली मोठी हाय, तिनं हाक मारलीच पायजे!" शेजारच्या टेबलावरची माणसं, घरची भाऊबंदकी असेल म्हणून उठून लांब बसली. उंब्रजच्या पुढे मी ओरडत होते. शिस्त, क्रम, एकेकाने बोला, काही नाही. बाई मधे बसून ऐकत होत्या, इकडून तिकडे मान वळवत.

साताऱ्याच्या स्टँडवर लोणंदची गाडी लागलेली होती. बाई चढल्या, खिडकीशी बसल्या. सुभेदारांनी काचेवर टकटक केलं. "ताई, तिला निदान एक शब्द तरी द्या!"

"मी कशाला देऊ?" त्या म्हणाल्या. "तिला बोलायचं आसंल तर ती बोलंल."

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "बाई, मग? गोष्ट हाय ना?"

मी तोंड उघडलं. आवाजच फुटेना. नुसतीच घरघर. आणि माझ्यामागे ते दोघं अजून भांडत होते, डबा परत गेला का राहिला.

बाईंनी त्यांच्याकडे बघितलं, माझ्या गळ्याकडे बघितलं, आणि हसल्या. "कळलं," म्हणाल्या, आणि कागद पिशवीत न ठेवता मांडीवरच उलगडून पेन शोधायला लागल्या.