तीन खांब मागे

प्रवासी गाडीच्या डब्याखाली, चाकांपाशी, आम्ही सेन्सर बसवलेले. रूळ खराब असेल तिथे डबा आदळायचा, तो धक्का कल्याणच्या ऑफिसात माझ्या स्क्रीनवर उमटायचा आणि मी जवळच्या खांबाचा नंबर कळवून माणसं पाठवायचे. नौपाड्यातून रोज जायचं आणि दिवसभर त्या रेघा बघत बसायचं. संध्याकाळपर्यंत डोक्याचा पार भुगा व्हायचा.

खडवलीच्या बाजूला एका खांबापाशी सलग चार दिवस धक्का दिसला. तिथला रूळ रोज चालत तपासणारे कीमन मामा रिटायरमेंटला आलेले. गाडी जाताना बाजूला उकिडवं बसून रूळ किती दबतो ते बघायची त्यांची पद्धत. त्यांनी फोनवर सांगितलं, या खांबापाशी काही नाही, तीन खांब मागे रुळाखालच्या मोरीवर खडी खचलीय, एकदा येऊन बघा. मी वैतागले. म्हटलं, आता हे मशीनला शिकवणार! गुडघेही दुखत होते, खोटं कशाला बोलू. जागेवर बसूनच रिपोर्टमध्ये लिहिलं, पाहणीत हयगय. मामांना मेमो मिळाला. अख्ख्या नोकरीतला पहिला, तोही शेवटच्या वर्षात.

धक्का थांबला. मला वाटलं, मेमोचा गुण.

महिन्याभराने कळलं, त्या डब्याची चाकं वर्कशॉपमध्ये घासून लहान झालेली. आमचं मशीन चाकाच्या फेऱ्यांवरून अंतर मोजतं, आणि चाकाचं नवं माप भरायचं काम माझं. मी भरलंच नव्हतं, म्हणून धक्का तीन खांब पुढे दिसत होता. खराबी मोरीवरच होती, आणि मामांनी ती मेमो हातात पडल्यावरही पाठपुरावा करून नीट करून घेतलेली. मला भयंकर लाज वाटली.

चूक माझी, असं लिहून दिलं. साहेबांची बोलणी खाल्ली, मेमो रद्द करून घेतला आणि तो कागद घेऊन स्वतः खडवलीला गेले. माफी मागितली. मामांनी कागद सावकाश वाचला, घडी घालून खिशात ठेवला. चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

"आता तीन-तीनदा बघतो मी, मॅडम," ते म्हणाले. "एकदा बघून पटतच नाही. घरी गेलो तरी वाटतं, काहीतरी बघायचं राहिलं."

हे कसं रद्द करून घ्यायचं, मला कळेना.