पंधरा वजा करून

विचारलं नाही तरी सांगायची माझी खोड जुनी. चेन्नईत शोळिंगनल्लूरच्या माझ्या ऑफिसातल्या एकाने परदेशातून ठोके मोजणारा पट्टा आणून दिला. तो छातीला बांधायचा, आकडा मनगटावरच्या घड्याळात दिसतो. मी चार लेख वाचले आणि अर्ध्या हळकुंडाने पिवळा होऊन दादाचा प्रशिक्षक झालो.

दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. बँकेच्या बदलीने चेन्नईला आला, वहिनी मुलांच्या शाळेसाठी नाशिकलाच राहिली, म्हणून तो माझ्याकडे राहायचा. पन्नाशीच्या आत एकदा एकवीस किलोमीटर धावायचं, एवढीच त्याची हौस. मी नियम घालून दिला: ठोके दीडशेच्या आत ठेव, वेग आपोआप वाढेल. पण इथल्या दमट हवेत सगळ्यांचेच ठोके चढलेले असतात, म्हणून दिसेल त्यातून पंधरा वजा करायचे, अशी आम्हा पळणाऱ्यांची पद्धतच पडली होती.

त्या रविवारी सकाळी समुद्राकाठच्या रस्त्यावर आम्ही अगदी रमतगमत पळत होतो. किलोमीटरला आठ मिनिटं. दादाच्या मनगटावरचं घड्याळ दाखवत होतं एकशे ब्याऐंशी.

दादा थांबला. "अरे, आज जड वाटतंय."

शहाळीवाल्या आजीने स्टूल पुढे सरकवलं. "उक्कारु, तंबी." बस, बाळा. तिला नुसतं बघून कळलं होतं.

मी म्हणालो, "पंधरा वजा कर. वर पट्टाही बिघडलाय बहुतेक. ठोके सोड, आज वेग बघ." तेव्हाच माझी जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

"तू म्हणतोस म्हणजे तसंच असेल," म्हणाला आणि उरलेले सात किलोमीटर पळाला.

मंगळवारी दादा बँकेत खुर्चीतच गेला. हृदय बरेच दिवस तक्रार करत असणार, असं डॉक्टर म्हणाले.

तेराव्यानंतर वहिनीने त्याच्या बॅगेतला पट्टा आणि घड्याळ माझ्या हातात ठेवलं. "भाऊजी, हे तुमचं ना? तुम्ही बरोबर होता म्हणून मी निर्धास्त होते."

मी खोलीचं दार लावलं. पट्टा ओला करून छातीला बांधला, मानेवर दोन बोटं ठेवून मिनिटभर ठोके मोजले. अठ्ठ्याऐंशी. घड्याळातही अठ्ठ्याऐंशी.

वहिनीला मी हे अजून सांगितलेलं नाही.