नऊ तुळशी आणि आमचं कॅरिबियन

माझ्या बायकोला लग्नाआधीपासून कॅरिबियनला जायचं होतं. का, ते तिलाही सांगता येत नाही. लहानपणी कुठल्याशा कॅलेंडरवर निळं पाणी आणि वाकलेला नारळ बघितला होता म्हणे. दुबईत आलो, चांगले दिवस होते, दर वर्षी पगार वाढत होता, तेव्हा मी छाती पुढे काढून म्हणालो, "पुढच्या वर्षी कॅरिबियन." मग तिकिटांची चौकशी केली, दिरहॅममधला आकडा ऐकला, त्याचे मनातल्या मनात रुपये केले आणि अबू धाबीच्याही पलीकडे, बोटीनं अर्ध्या तासावर असलेल्या एका बेटावरचं रिसॉर्ट बुक केलं. "ही रंगीत तालीम समज," असं वर सांगितलं.

बेटावर नारळ नव्हते, खजूर होते. पाणी मात्र निळं होतं आणि हरणं खोलीच्या दारापर्यंत यायची. ती पहिल्या दिवशी व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीत जी बसली, ती जेवणाखाण्यापुरती उठली असेल. मी एक्सेलमध्ये टाइमटेबल करून आणलं होतं. त्याप्रमाणे कयाक, सायकल, सूर्योदय, सूर्यास्त असं सगळं एकट्यानंच उरकलं आणि प्रत्येक गोष्टीपुढे बरोबरची खूण केली. परतीच्या बोटीत ती म्हणाली, "मला हेच कॅरिबियन पुरे आहे." ती माझ्या खिशाची काळजी करतेय असं वाटून मी मनातून सुखावलो. तिला खरोखरच तसं वाटत असेल, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही.

पुढे मंदी आली. आमच्या खिडकीतून दिसणाऱ्या सात क्रेनपैकी पाच जागच्या जागी थांबल्या. अल बर्शा या वस्तीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये पाच मराठी घरं होती, शारजा आणि इतर ठिकाणची ओळखीची धरून डझनभर. त्यातली बहुतेक वर्षभरात गेली. जाणारी माणसं सोफा विकायची, गाडी विकायची, टीव्ही कुणाच्या तरी गळ्यात मारायची. एक वस्तू मात्र कुणाला विकता येत नसे, कचऱ्यात टाकता येत नसे आणि विमानातही नेता येत नसे. बाल्कनीतली तुळस. ती आमच्या दाराशी यायची.

"वहिनी, परत आलो की घेऊन जाऊ हं," असं म्हणून घरातली बाई कुंडी पुढे करायची आणि माझी बायको ती दोन्ही हातांनी घ्यायची. मी देवधर्म न मानणारा माणूस आहे. हे मी प्रत्येक पार्टीत, कुणी विचारलेलं नसताना, सांगत आलोय. पण नको म्हणायची माझीही छाती झाली नाही. अशा आठ जमल्या. बायकोनं प्रत्येक कुंडीला चिठ्ठी चिकटवली: शारजावाले, दुसरा मजला, डॉक्टरीणबाई, जुळ्यांची आई. नववी आमची. तिला चिठ्ठी नव्हती, कारण गरजच नव्हती.

देव मानत नसलो तरी इंजिनियर होतो, म्हणून तुळशींची व्यवस्था मी हातात घेतली. मापाचा पेला आणला, सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला प्रत्येकीला सारखं पाणी, आणि भिंतीवर तक्ता. तरी त्या पिवळ्या पडत चालल्या, म्हणून मी पाणी वाढवलं.

आमच्या कंपनीत तोवर दोन याद्या लागून गेल्या होत्या. यादी म्हणजे कुणाला काढलं त्याची. तिसरी एका रविवारी, म्हणजे इथल्या आठवड्याच्या पहिल्या कामाच्या दिवशी, लागणार होती. आमच्या विभागात एकाच कामाची दोन माणसं उरली होती आणि खुर्ची एकच ठेवणार हे वरून कळलं होतं. एक माणूस मी. दुसरा आमच्याच बिल्डिंगमध्ये चौथ्या मजल्यावर राहायचा. त्यानं बायको-मुलीला आधीच पुण्याला पाठवून दिलं होतं. आम्ही दोघं रोज एकत्र डबा खायचो आणि सगळ्या जगावर बोलायचो, फक्त रविवार सोडून. नोकरी गेली की व्हिसा जातो आणि महिनाभरात घर गुंडाळावं लागतं, हे इथं कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

त्या रविवारच्या आधल्या आठवड्यात बायकोनं पेपरमधली जाहिरात पुढे केली. बेटावरचं तेच रिसॉर्ट, इथल्या रहिवाशांना निम्म्या दरात. "जाऊ या का? गुरुवारी निघू, शनिवारी परत."

"आत्ता? रविवारी काय आहे माहितीय ना?"

"म्हणूनच. नंतर जमेल न जमेल. आणि हे बघा, तीन दिवस त्या विषयावर बोलायचं नाही. नुसतं बसायचं."

कसं जमतं हिला असं निवांत राहायला, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर थोडा रागही आला. माझी झोप उडाली होती आणि हिला वेताची खुर्ची आठवत होती.

अडचण तुळशींची होती. मार्चचं ऊन कडक लागत होतं. मी बाटल्या उलट्या टांगून आपोआप पाणी देणारी यंत्रणा बनवली. तिच्या पहिल्या चाचणीत खालच्या मजल्यावरच्या लेबनीज बाईंचे वाळत घातलेले कपडे पुन्हा भिजले. त्या वर आल्या, तेव्हा मी बाथरूममध्ये होतो आणि बराच वेळ तिथंच राहिलो.

"चौथ्या मजल्यावर किल्ली देऊ या," मी बाहेर येऊन म्हणालो.

"आणि सांगणार काय? तुम्ही यादीची वाट बघताय, आम्ही सुट्टीला चाललोय?"

ते मलाही सांगवलं नसतं. मग एकच मार्ग उरला आणि तो मीच सुचवला, हे कबूल केलं पाहिजे. तुळशी बरोबर न्यायच्या. चांगल्या दिवसांत वाळवंटात फिरायला म्हणून मी एक अवाढव्य गाडी घेतली होती. ती वाळवंटात एकदाच गेली आणि दुसऱ्या गाडीनं ओढून बाहेर काढावी लागली. आता तिचा उपयोग सापडला. गुरुवारी दुपारी केळ्यांच्या खोक्यांत कुंड्या भरून आम्ही चोरासारखे लिफ्टनं खाली आलो. दार उघडलं, तर समोर चौथ्या मजल्यावरचा उभा.

त्यानं माझ्याकडे बघितलं, खोक्यांकडे बघितलं. मी म्हणालो, "जरा... हवापालट." तुळशींचा की आमचा, ते मला तेव्हाही स्पष्ट नव्हतं. त्यानं बॅग खाली ठेवली आणि कुंड्या एकेक उचलून गाडीत लावू लागला. पाय लागायला नको म्हणून मागच्या सीटवर, आणि पडायला नकोत म्हणून वरून सीटबेल्ट. नववी ठेवून त्यानं हात झटकले. "यल्ला, चला, एन्जॉय करा," एवढंच म्हणाला.

जेट्टीवरच्या बोटवाल्या मलबारी गृहस्थानं विचारलं, "साब, ये क्या है?"

"मेडिसिन का प्लांट है," मी म्हणालो.

"इतना बीमार है?" असं म्हणून त्यानं बायकोकडे फार सहानुभूतीनं बघितलं आणि तिला सावलीतली जागा दिली.

रिसॉर्ट निम्मं रिकामं होतं. आम्हाला मागच्या वेळचीच खोली मिळाली, तीच वेताची खुर्ची. मी व्हरांड्याच्या कठड्यावर नऊ कुंड्या ओळीनं मांडल्या, मापाचा पेला काढला आणि भिंतीला तक्ता चिकटवला. बायको खुर्चीत बसली. मी तिच्या शेजारी नुसतं बसून बघितलं. चार मिनिटं बसलो. मग उठून तुळशींना पाणी घातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक माळी येऊन कुंड्यांपुढे उभा राहिला. पन्नाशीचा, मिशा पांढऱ्या, डोक्याला पंचा गुंडाळलेला. आमचं बोलणं ऐकून त्यानं सरळ मराठीतच विचारलं, "नर्सरी काडली का काय सायेब?" सांगलीकडचा निघाला, जत तालुक्यातला. एका कुंडीत त्यानं बोट खुपसलं आणि तोंड वाकडं केलं. "लई पानी घालताय. मुळं कुजाय लागल्यात. दोन दिस बगूच नका हिच्याकडं."

"पण ऊन किती आहे!" मी तक्त्याकडे हात केला.

त्यानं तक्ता वाचला. त्याच्या मिशा हलल्या, पण माणूस सभ्य होता. बायको मात्र मोकळेपणी हसली. पुष्कळ दिवसांनी हसली, हे माझ्या लक्षात आलं. त्यानं मंजिऱ्या खुडल्या, माती मोकळी केली आणि जाताना म्हणाला, "हितंच ठेवून जावा की. मागं आमच्या खोल्यांकडं लावतो. जगतील."

मला एकदम हलकं वाटलं. नऊच्या नऊ सुटत होत्या! बायको म्हणाली, "नाही हो दादा. या लोकांच्या आहेत."

तो गेल्यावर मी समजूत घालायला लागलो, आणि मी समजूत घालायला लागलो की त्याचं भांडण होतं. संध्याकाळी समुद्रावर बसलेलो असताना माझा तोल गेला. "अगं, कोण येणार आहे परत? शारजावाले? त्यांनी नाशिकला दुकान टाकलं! डॉक्टरीणबाई फोन उचलत नाहीत. कुणीही येणार नाहीये. तू चिठ्ठ्या लावून बसली आहेस नुसती! रविवारी माझं नाव लागलं की या आठ घेऊन कुणाच्या दारात उभी राहणार आहेस?"

रविवार उच्चारायचा नाही असं ठरलं होतं. तो मीच उच्चारला. ती पायाखालची वाळू सारखी करत राहिली. मला लगेच वाईट वाटलं. पण माफी मागायची आपल्याला सवय नसते, म्हणून मी तिला कयाकबद्दल माहिती सांगितली.

शनिवारी सकाळी जाग आली तेव्हा खुर्ची रिकामी होती. कठड्यावर कुंड्या आठ. मी चप्पल न घालताच निघालो. मागच्या बाजूला कामगारांच्या खोल्या होत्या. तिथल्या भिंतीच्या सावलीत माळी खड्डा करत होता आणि बायको उकिडवी बसून आमची तुळस कुंडीतून मोकळी करत होती.

"अगं, आपलीच?"

"दुसऱ्यांच्या द्यायचा आपल्याला हक्क नाही," ती मान वर न करता म्हणाली. "ही आपली आहे. हिचं काय करायचं ते आपण ठरवायचं."

"पण आत्ताच कशाला? अजून काही झालेलं नाही."

"झाल्यावर घाईत कुठं ठेवू? सगळ्यांनी आपल्याकडे ठेवल्या. आपण कुणाकडे ठेवायची? चौथ्या मजल्यावर? आपण गेलो म्हणजे ते राहिले. कुठल्या तोंडानं जाऊ त्यांच्या दारात?" मग जरा थांबून म्हणाली, "इथं मी सुखात होते. इथं ठेवलेली मला चालेल."

मातीनं भरलेल्या हातांनी ती एकच ढेकूळ पुन्हा पुन्हा फोडत होती. इतके दिवस मी समजत होतो की या घरात घाबरलेला माणूस एकच आहे आणि तो मी. तिनं हे सगळं केव्हापासून मनात धरलं होतं कोण जाणे. खुर्चीत बसली होती ती निवांत म्हणून नव्हे, डोळे भरून बघून घेत होती. मला माझी भयंकर लाज वाटली. मी तिच्या शेजारी मातीत बसलो आणि रोप धरलं. माळी म्हणाला, "सायेब, पानी मी घालतो." तेवढ्यातही त्यानं ती काळजी घेतली.

रविवारी अकरा वाजता मला आत बोलावलं. माझी खुर्ची राहिली होती, पगार कमी करून. मी जिन्यात जाऊन घरी फोन लावला. मला वाटलं, ती आता रडेल. पण तिनं विचारलं, "आणि ते?"

"त्याला आधीच बोलावलं होतं," मी म्हणालो.

"बरं. लवकर या."

तो डब्याच्या वेळी जागेवर नव्हता. मी एकटा बसलो आणि डबा तसाच परत आणला.

चारच दिवसांनी, ऊन उतरल्यावर, आमची बेल वाजली. तो दारात उभा होता, हातात कुंडी. तुळस कसली, दोन काड्या आणि सात-आठ पानं. "वहिनी," तो म्हणाला, "परत आलो की..." आणि पुढचं वाक्य त्यानं सोडून दिलं. बायकोनं दोन्ही हात पुढे केले, पण त्यानं कुंडी दिली नाही. तो स्वतःच बाल्कनीत गेला. तिथं आठ कुंड्या ओळीनं होत्या आणि टोकाला आमच्या कुंडीखालची रिकामी बशी.

"नऊ होत्या," तो म्हणाला. "मी गाडीत ठेवल्या तेव्हा नऊ होत्या."

"आमची तिकडंच ठेवून आलो," मी म्हणालो. "शनिवारी."

शनिवारी, म्हणजे यादीच्या आधी, आम्हीच जाणार असं धरून. त्यानं ते मनात मोजलं असावं, कारण तो माझ्याकडे बघतच राहिला. मग वाकून आपली कुंडी त्यानं त्या बशीत ठेवली आणि नीट फिरवून भिंतीला लावली.

बायकोनं डोळे पुसले आणि सवयीनं चिठ्ठी आणि पेन आणलं. "काय लिहू?"

"काही नको, वहिनी. तुमचीच समजा."

मी मापाचा पेला उचलला आणि परत ठेवून दिला.